डावीकडे मोकळं

विमान चालवायला शिकवणाऱ्या बाईंना त्यांची शिकाऊ पोरं पाठीमागे घुबडबाई म्हणायची. तोंडावर म्हणायची कुणाची टाप नव्हती. बाईंना हे नाव ठाऊक होतं आणि खरं सांगायचं तर मनातून आवडतही होतं, कारण विमानात बसल्यावर त्यांची मान क्षणभर स्वस्थ नसायची. डावीकडे, उजवीकडे, वर, खाली, पुन्हा डावीकडे. शेजारचं पोर जरा समोरच्या काट्यांमध्ये रमलं की बाई कडाडायच्या, "अरे, लग्न लावायचंय का त्या काट्यांशी? बाहेर बघ, बाहेर!"

आणि बघायलाच हवं होतं. त्या जागेला विमानतळ म्हणणं म्हणजे तिचं कौतुकच. एक धावपट्टी, पत्र्याची शेड, वाऱ्याची दिशा दाखवणारी फाटकी कापडी पिशवी आणि एक कॅन्टीन. मोठ्या विमानतळावर उंच मनोऱ्यात माणसं बसतात आणि तू थांब, तू उतर, असं सांगतात. इथं मनोराच नाही. ज्यानं त्यानं रेडिओवर सांगायचं की मी इथं आहे, आता असा वळतोय. आणि ज्यानं त्यानं आपल्या डोळ्यांनी बघायचं. धावपट्टीभोवती सगळ्यांनी डावीकडे वळत चक्कर मारायची आणि मग उतरायचं. हवेत कोण, तर काल-परवा शिकायला लागलेली पोरं! एकाला उंची सांभाळता येत नाही, दुसरा डाव्या-उजव्यात गोंधळतो, तिसरा रेडिओवर जी जागा सांगतो ती केव्हाच मागे पडलेली असते. सगळा रामभरोसे कारभार. म्हणून बाईंची मान.

तर ती मान गेल्या हिवाळ्यात आखडली.

आधी वाटलं, उशी बदलली म्हणून. मग वाटलं, गार वारं लागलं. शेवटी डॉक्टरांनी सांगितलं की मणके झिजलेत, उजवीकडे ठीक आहे, पण डावीकडे आता एवढीच वळणार. एवढीच म्हणजे जेमतेम. बाईंचा नवरा शिंपी. जन्मभर मशीनवर वाकून बसलेला, आणि त्याची मान ठणठणीत.

"लग्नापासून मान खाली घालून बसलोय ना, म्हणून टिकली," तो म्हणायचा आणि टॉवेलवर इस्त्री फिरवून तो गरम गरम त्यांच्या मानेवर ठेवायचा. मग हळूच विषय काढायचा. "अगं, सांगून टाक शाळेच्या मालकांना."

"सांगितलं की संपलं. मग मी काय करू? तुमच्या शर्टांना बटणं लावू?"

"काय वाईट आहे त्यात?"

"अहो, तुम्हाला नाही कळायचं," बाई म्हणायच्या आणि टॉवेलात तोंड लपवायच्या. त्यांना रडू यायचं. जमिनीवर त्या एक साध्या, जाड चष्म्याच्या, गुडघे दुखणाऱ्या बाई होत्या. वर गेल्या की कुणीतरी होत्या. ते सोडायचं म्हणजे काय, हे शिंप्याला कसं समजवायचं?

दरवर्षीच्या तपासणीत डोळे पाहिले, कान पाहिले, रक्तदाब पाहिला. डावीकडे मान वळवा, असं कुणी म्हणालंच नाही. बाईही मूग गिळून बसल्या.

पण विमानात मूग गिळून चालत नाही. शिकवणारा उजवीकडे बसतो, शिकणारा डावीकडे. खांदे पट्ट्यांनी आवळलेले, म्हणून डावीकडचं बघायचं तर पोराच्या पलीकडे, काचेबाहेर मानच वळवावी लागते. बाईंनी शक्कल लढवली. वळणाआधी त्या ओरडायच्या, "डावीकडे?" पोरानं बघायचं आणि सांगायचं, एक विमान आहे, खाली आहे, लांब आहे; किंवा मोकळं. पोरांना वाटलं, ही शिकवायची नवीन पद्धत. आणि गंमत अशी की पोरं खरंच चांगली बघायला लागली! मालकांनी चारचौघांत बाईंची पाठ थोपटली. "बाईंची पोरं बघा, डोळ्यांत तेल घालून उडतात." बाईंनी मान डोलावली. तेवढी डोलत होती अजून.

मग एक नवा पोरगा आला, त्याला सगळे पोपट म्हणायचे. आवाज असा खणखणीत की रेडिओवर बातम्या द्याव्यात. सगळी वाक्यं तोंडपाठ. कुठे काय बोलायचं यात कधी चूक नाही. बघण्याच्या नावानं मात्र आनंदीआनंद. 'डावीकडे?' म्हटलं की 'मोकळं!' हे त्याचं इतकं पटकन यायचं की बाईंना शंका यायची. त्या झापायच्या. तो दोन दिवस बघायचा. पुन्हा ये रे माझ्या मागल्या.

त्या दिवशी ऊन छान पडलं होतं. चक्कर संपत आली होती, शेवटचं वळण घेऊन धावपट्टीसमोर यायचं होतं.

"डावीकडे?" बाईंनी विचारलं.

"मोकळं!" पोपट म्हणाला, वळला आणि लगेच रेडिओचं बटण दाबून आपलं वाक्य सुरू केलं.

नेमकं त्याच क्षणी दुसऱ्या गावाहून आलेला एक शिकाऊ पोरगाही तेच वाक्य बोलत होता. पूर्ण चक्कर न मारता तो यांच्या डावीकडून, आतून छोटा वळसा घेऊन उतरायला येत होता. दोघं एकदम बोलले की एकमेकांचं ऐकू येत नाही. पोपटाच्या विमानाचे पंख डोक्यावर, त्यामुळे त्याला वरचं दिसत नाही. त्या पोरग्याच्या विमानाचे पंख पायाखाली, त्याला खालचं दिसत नाही. एक वर, एक खाली, दोघंही खुशाल त्याच धावपट्टीकडे निघालेले.

बाईंची नजर समोर, खाली जमिनीवर होती. शेतावरून त्यांच्या विमानाची सावली पळत होती. तिच्या शेजारी आणखी एक सावली होती आणि ती जवळ येत होती.

"सोड!" बाई ओरडल्या. विमान आपल्या हातात घेतलं, नाक खाली घातलं, उजवीकडे पिळलं. समोरच्या काचेतून दोन चाकं आणि एक भलंमोठं पोट सरकत गेलं. टायरवरची माती दिसली.

बाईंनी मोठा वळसा घेऊन विमान उतरवलं आणि बंद केलं. दुसऱ्या गावचा पोरगा तोवर कॅन्टीनमध्ये चहा मागत होता. त्याला काही म्हणता काही कळलं नव्हतं.

मालकांनी शेडच्या दारातून सगळं बघितलं होतं. त्यांनी दोघांना ऑफिसात बोलावलं. चेहरा पांढराफटक.

"कुणाची चूक?"

"माझी," पोपट म्हणाला. "बाईंनी विचारलं होतं, डावीकडे? मी न बघताच मोकळं म्हणालो. मी... मी वाक्य जुळवत होतो." आणि एवढा मोठा मुलगा हमसून हमसून रडायला लागला.

"उद्यापासून यायचं नाही," मालक म्हणाले. "दोन विमानं गेली असती. माणसं गेली असती! बाई होत्या म्हणून वाचलास."

झालं. बाईंनी नुसतं गप्प बसायचं होतं. पोरगा घरी जाणार, बाई वाचवणाऱ्या ठरणार, उद्या सकाळी पुन्हा वर. बाईंना तो मोह झाला. चांगला पोटातून झाला. त्यांनी पोपटाकडे बघितलं. तो डाव्या हाताला उभा होता, म्हणून बघायला त्यांना अख्खी खुर्ची फिरवावी लागली.

"मालक, याला काढू नका," त्या म्हणाल्या. "यानं आज बघितलं नाही. मी हिवाळ्यापासून बघितलेलं नाही."

"म्हणजे?"

"मान वळत नाही माझी डावीकडे."

मालक वैतागले. "बाई, त्याच्यासाठी काहीही सांगू नका हं. अहो, तुमची मान!"

"ठीक आहे." बाईंनी खुर्ची पुन्हा सरळ केली आणि दोन्ही हातांनी घट्ट धरली. "तुमचं घड्याळ माझ्या डावीकडे भिंतीवर आहे. विचारा मला किती वाजले."

"बाई, अहो..."

"विचारा."

"किती वाजले?"

बाईंनी मान वळवली. ती थोडी वळली आणि थांबली. त्यांनी जोर लावला. कपाळावर घाम आला. खांदे वळवले असते तर घड्याळ दिसलं असतं, पण खांदे त्यांनी हलू दिले नाहीत. मालक बघत राहिले.

"साडेचार, बाई," पोपट डावीकडे बघून नाक ओढत म्हणाला.

पोपटाचा हात आपोआप तोंडावर गेला. इतके दिवस आपण त्या विमानात काय करत होतो, हे त्याला आत्ता कळलं.

"बघतो तो. शिकवलं तर बघतो," बाई म्हणाल्या. "याला धड मान असलेलं कुणीतरी द्या."

मालकांनी विमानाची किल्ली मागितली नाही. बाईंनीच ती टेबलावर ठेवली, मग परत उचलली, थोडा वेळ मुठीत धरली आणि पुन्हा ठेवली.