दादरच्या समुद्रातली पायरी

या ग्रुपवरचे अद्भुत अनुभव मी बरेच दिवस वाचते आहे, पण वाचताना मन सतत कारणं शोधत असतं. ताप असेल, अर्धवट झोप असेल... मी प्राणिशास्त्रात एम.एस्सी. केलंय, घरातली पहिली पदवीधर. ज्या शिक्षणाने मला अंबडहून मुंबईला आणलं, त्याच्याशी बेइमानी करून असल्या गोष्टींवर विश्वास ठेवायचा नाही असं मी ठरवलं होतं. आजही ठेवत नाही. फक्त जे झालं ते जसंच्या तसं लिहिते.

मी प्रभादेवीला एका लहान कंपनीत आहे. किनाऱ्यालगतच्या पाण्यातले जीव मोजायचे, नमुने आणायचे हे आमचं काम. नोकरी पक्की व्हायला एक अट होती — उघड्या समुद्रात अर्धा किलोमीटर पोहून दाखवायचं. होडी शेजारून चालणार, पण होडीला हात लावला की नापास. मी दोनदा नापास झाले होते. ही शेवटची संधी होती. नाहीतर बॅग भरून अंबड.

पोहता येत नव्हतं असं नाही. आमच्या गल्लीमागे जुनी बारव आहे, खालपर्यंत पायऱ्या असलेली विहीर. आईने मला तिथेच शिकवलं. पाण्यात बुडालेल्या, मधोमध झिजलेल्या पायरीवर उभं राहायचं, चार हात मारायचे, दम लागला की परत पायरीवर. पायाखाली काहीतरी आहे हे माहीत असेल तर मी तासभर पोहेन. दादरच्या पूलमध्ये निदान तळाच्या टाइल्स दिसायच्या. समुद्रात मात्र... मुंबईचं पाणी तुम्हाला माहीत आहे. हात कोपरापर्यंत बुडवला की स्वतःची बोटं दिसत नाहीत.

आमच्या ट्रेनर लोर्ना मॅडम, मूळच्या माहीमच्या, साठी ओलांडलेल्या. त्या सकाळी माहीमहून होडी निघाली तेव्हा त्यांनी विचारलं, "काय खाऊन आलीस?"

"काही नाही मॅडम."

"बरं केलंस. मागच्या वेळी पोहे खाल्लेस नि माझ्या बॅगेत ओकलीस."

होडीवाले शंकरकाका हसले. मीही हसले.

दादर चौपाटीसमोर, बरंच आत, होडी थांबली आणि मी उतरले. अर्धं अंतर नीट गेलं. मग एक लाट तोंडात आली, श्वास चुकला, आणि एकदम खालचं सगळं पाणी आठवलं. हात जड झाले. मॅडम ओरडत होत्या, "पाठीवर हो, पाठीवर!" मला ऐकू येत होतं, शरीर ऐकत नव्हतं. मी होडीकडे हात लांब केला — फळी अगदी बोटांशी आली होती.

आणि माझा पाय दगडाला लागला.

दुसराही टेकवला. मी उभी होते. पाणी काखेपर्यंत. दगड सपाट होता, घडवलेला, मधोमध झिजून खोलगट झालेला, वर शेवाळाचा बुळबुळीत थर. आणि गार — समुद्र कोमट असूनही. त्या क्षणी मला त्यात नवल वाटलंच नाही. बारवेत करायचे तेच केलं. नाक शिंकरलं, डोळे पुसले, दम परत येऊ दिला. मग पायाने रेटा देऊन निघाले. पुढचं अंतर कसं संपलं ते आठवत नाही.

होडीत ओढून घेतल्यावर मॅडमनी अंगावर टॉवेल टाकला. "पास. पण मध्ये काय करत होतीस गं?"

"खडक होता ना. जरा उभी राहिले."

"खडक?" शंकरकाका म्हणाले. "इथं खडक असता तर माझी होडी कवाच फुटली असती, पोरी."

मॅडम हसल्या नाहीत. "मी बघितलं शंकर. खांदे बाहेर, हात हलत नव्हते. पाय मारत तरंगणारा माणूस असा दिसत नाय."

काकांनी होडी मागे घेतली आणि नांगर सोडला. दोर सरसर जात राहिला, किती तरी वेळ. वर आला तो नुसता काळा चिखल घेऊन. थोडं इकडेतिकडे करून पुन्हा टाकला. तेच.

"नापास करणार का मॅडम?" मी विचारलं.

"होडीला हात लावायचा नाय, एवढाच रूल आहे. उभं राहायचं नाय असं मी कुठं बोलले?" मग हळू आवाजात म्हणाल्या, "बुधवारी आमच्या माहीमच्या चर्चला ये. एक मेणबत्ती लाव. मी पण लावते."

संध्याकाळी आईला फोनवर सगळं सांगितलं.

"म्हणजे नोकरी पक्की ना?"

"हो."

"मग रडतेस कशाला, येडे?" तीही नाक ओढत होती.

कारणं मी खूप शोधली. भास म्हणावा, तर मॅडमना दिसलं ते काय? पाण्याखालून काही वाहत आलं म्हणावं, तर ते माझ्या वजनाने हललं कसं नाही? पुढे कामानिमित्त तिथली खोली यंत्राने मोजली. तळाला सपाट चिखल.

गेल्या महिन्यात त्याच भागात नमुने घ्यायला उतरले होते. काम झाल्यावर मुद्दाम पाय खाली सोडले, जमतील तितके ताठ. काही लागलं नाही. नुसतं पाणी, खाली गार होत गेलेलं. आता भीती वाटेल, याची वाट पाहत मी तशीच तरंगत राहिले... वाटली नाही. ती कुठे गेली, तेही मला सांगता येत नाही.

मग काकांनी चहा थंड होतोय म्हणून हाक मारली, आणि मी होडीकडे पोहत गेले.