मागच्या बायांचा आवाज

मंडळी, सकाळची गोष्ट इतक्या उशिरा लिहितोय, माफ करा.

फोनमधली जागा भरली म्हणून बोईसरच्या मोबाईलवाल्याकडे गेलो. त्यात चिंचणीच्या पुतण्याच्या लग्नातली धवलगीतं होती. लग्नविधीच्या या गाण्यांत पुढची बाई ओळ म्हणते, मागच्या बाया ती उचलतात; त्या मागच्यांत माझी बायको होती. ती गेली, आवाज तेवढाच उरला.

"काका, गाणी बारीक करतो, जागा कमी खातील. कानाला फरक कळनार नाय," म्हणत त्या दीडशहाण्याने मूळ फाइलीच पुसल्या.

आता मागच्या बाया पाण्यात बुडून गायल्यासारख्या वाटतात. जाब विचारला तर म्हणतो, "पुढची बाई ऐकू येते ना? मागच्यांना कोण ऐकतो?"

मी ऐकतो, गाढवा! दिवसभर रिंगटोन वाजवणाऱ्याने मला कान शिकवावेत?

त्या लग्नाचं रेकॉर्डिंग कुणाकडे आहे का? लवकर कळवा. तोवर ते कुणाला बारीक करू देऊ नका.