कंपनीवर बाबांचा दावा

ताईने जर्मनीत कंपनी काढली तेव्हा आमच्या घरात एखादं बाळ येणार असल्यासारखी गडबड होती. तिकडची रीत तिने फोनवर समजावली. नोटरी सगळा करार मोठ्याने वाचून दाखवतो, मग सह्या होतात, आणि कोर्टाच्या नोंदणीत नाव चढलं की कंपनी जन्मली. त्याआधी कंपनीच्या नावाने काही केलं तर ते करणाऱ्याच्या अंगावर येतं. आईला हे लगेच पटलं. नोंद होईपर्यंत तिने आमच्या शेलार गावात कोणाकडे चकार शब्द काढला नाही. बाबांना कसला धीर, त्यांनी आपल्या कारखान्यातल्या लूमवर ताईच्या कंपनीसाठी सुती टॉवेल विणायला लावूनही टाकले होते.

काही वर्षं बरी गेली. मग तिकडची दुकानं माल घेईनाशी झाली आणि ताईने कंपनी बंद करायचं ठरवलं. आमचे लूम तिच्याच मालावर चालत होते. बाबांनी ते भंगारात वजनावर विकले. काट्यावर मला पाठवलं, स्वतः आले नाहीत.

तेव्हापासून ताई घरी यायची थांबली. गणपतीला विचारलं, दिवाळीला विचारलं, उत्तर एकच, "कंपनी बंद करायचं काम चालू आहे." तिथे नुसतं कुलूप लावून चालत नाही म्हणे. सगळं मिटवायला एक माणूस नेमावा लागतो, इथे ती ताईच होती. कंपनीच्या नावापुढे 'बंद होत असलेली' असं लिहायचं. कंपनी ज्याचं काही देणं लागत असेल त्याने कळवावं, अशी जाहीर सूचना द्यायची आणि पुढे वर्षभर थांबायचं. मग उरलंसुरलं मालकाने घ्यायचं आणि नोंदणीतून नाव काढायचं.

मी एकदा सरळ विचारलं, "हे वर्षभर तुला तिथेच बसून राहावं लागतं का?"

ती म्हणाली, "नाही रे. पण बाबांना कुठल्या तोंडाने भेटू? माझ्यापायी त्यांचा कारखाना गेला."

"आहे तेच तोंड घेऊन ये," मी चिडून म्हणालो. तिने फोन ठेवला. मला दोघांचाही राग आला होता. इकडे बाबा गेटची कडी वाजली की मान वर करायचे, आणि विचारलं तर म्हणायचे, कुत्रा आला का बगत व्हतो.

त्या रात्री जेवताना मी त्यांना तिकडचा कायदा सांगितला. ताईचं ते वाक्य मात्र सांगितलं नाही. सूचनेपाशी त्यांचा घास थांबला.

"ज्याचं देनं हाय त्यानं सांगायचं? कोनी बी?"

"हो. पण बाबा..."

"फोन लाव. न्हाय, बोलून पाठवायचं अस्तं ना, तसं."

मला वाटलं, आता हे लूमचं काढणार आणि ताई कायमची तुटणार. पण फोन त्यांच्या हातात गेला होता. ऑफिसात साहेबांशी बोलावं तसा त्यांनी घसा साफ केला.

"कंपनी बंद करनाऱ्या बाईंना शेलारवरनं नमस्कार. तुमच्या कंपनीकडं माजी पोरगी ऱ्हायलीय. लूमचं माजं काय न्हाय, लोखंड व्हतं ते, गेलं. पोरगी तेवढी परत करा."

फोन माझ्याकडे देऊन ते पुन्हा जेवू लागले. आईने पदर डोळ्यांना लावला.

दुसऱ्या दिवशी ताईचं उत्तर आलं. "तुमचा दावा खरा आहे. तो आधी भागवते."

ती आली तेव्हा ते वर्ष संपायला बराच अवकाश होता. बाबांनी तिला आपल्या शेजारी पाटावर बसवलं आणि तळलेले बोंबील तिच्या ताटात सरकवत राहिले. जेवण उरकत आल्यावर तिने हळूच विचारलं, "बाबा, अजून काही देणं राहिलंय का माझ्याकडे?"

बाबांनी तिच्याकडे नीट पाहून घेतलं.

"बरंच हाय. सवडीनं सांगतो. तवर हितंच ऱ्हा, माजे बाय."