नव्या फोनचा लाल दिवा

असुन्सिओनजवळच्या त्या गावात देइदामियाबाई पाण्याच्या कचेरीत आयुष्यभर फोनवर बसली होती, आणि तिची मिजासही तेवढीच जुनी होती. नवा फोन आला तेव्हा बटणं समजावायला आलेल्या माणसाला तिनं दारातूनच वाटेला लावलं. "मला नको शिकवूस. लाल दिवा लागला की पलीकडच्याला काही ऐकू जात नाही." जुन्या फोनवर तसंच होतं.

दुसऱ्याच सकाळी सिन्फोरोसाआजीचा फोन आला. पडद्यावर तिचा नंबर बघूनच बाईच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"थांबा हं आजी, साहेबांना विचारते," असं गोड बोलून तिनं बटण दाबलं. लाल दिवा लागला. तिनं रिसीव्हर टेबलावर ठेवला आणि शेजारच्या टेबलावरच्या निमियोपुढे तेरेरेचा, गार पाल्याच्या चहाचा, पेला धरला. त्यानं त्यातल्या पाल्यावर बर्फाचं पाणी ओतलं.

"पुन्हा ती रडकी म्हातारी! म्हणे नळाला पाणी नाही. घरात बोलायला कुणी उरलं नाही, म्हणून आमचं डोकं खाते. बसू दे ताटकळत!"

"साहेब तर सुट्टीवर आहेत, बाई," निमियो म्हणाला, आणि कचेरीतले सगळे खो खो हसले.

तेवढ्यात फोनमधून कुणीतरी खोकलं. नव्या फोनवर हा दिवा स्पीकरचा होता; सगळं पलीकडे ऐकू गेलं होतं. बाईनं घाईघाईनं बटणाकडे हात नेला.

"सावकाश पी गं पोरी," आजी म्हणाली. "पाणी ओतल्याचा आवाज आला. आमच्याकडे आठवडाभर ऐकला नव्हता. होऊ दे तुझं, मी थांबते."