बोअरच्या पूजेचं पाणी

देवीला कौल लावायला गेले तेव्हा माझ्या मनात भक्ती कमी आणि राग जास्त होता, हे आधीच सांगते. राग माझ्या मोठ्या जावेवर. दोन्ही घरांत मिळून एक विहीर. लग्न होऊन आले तेव्हापासून मी तिचं पाणी शेंदलेलं. वाटण्या झाल्या, विहीर जावेच्या हिश्शाला गेली, आणि चैत्रात पाणी खाली जाताच तिने वर लोखंडी जाळी बसवून कुलूप घातलं. मला एका शब्दाने विचारलं नाही. आमचे हे मुंबईला नोकरीला. फोनवर म्हणाले, "जाऊ दे गं." जाऊ दे म्हणायला यांचं काय जातं? खालच्या वाडीतल्या नळावरून उन्हातान्हात हंडे मी आणत होते.

तेव्हाच ठरवलं, आपल्या आवारात बोअर मारायची. आणि जागाही ठरवली: तिच्या विहिरीपासून पंधरा पावलांवर, मधल्या दगडी गडग्याला लागून. दुसरीकडे जागा नव्हती असं नाही. वर रतांब्याच्या झाडाजवळ पाणी बघणाऱ्याच्या तळहातावरचा नारळ चक्क उभा राहिला होता, म्हणजे खाली पाणी नक्की. पण मला ती जागा नकोच होती. गडग्याजवळ खोल भोक पडलं की तिची विहीर आटणार हे मला कळत होतं, आणि कळत होतं म्हणूनच ती जागा पसंत होती. आज लिहिताना लाज वाटते, तेव्हा वाटली नाही.

आमच्याकडे जमिनीला हात लावण्याआधी देवीला विचारतात. गुरवकाका पाषाणाच्या दोन्ही अंगांना ओल्या कळ्या चिकटवतात आणि गाऱ्हाणं घालतात. उजवी कळी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. मी काकांना बजावलं, "माझ्या आवारात पाणी लागेल काय, एवढंच विचारा." गाऱ्हाणं पुरं व्हायच्या आत उजवी कळी पडली. काका हात पुसत म्हणाले, "बाय, पानी लागंल काय, येवढंच इचारलंस. कुठं मारू, ते नाय इचारलंस." मी फणकारले, "देवीने उजवा कौल दिला ना? मग झालं." आणि तरातरा घरी आले.

दोन दिवसांनी सकाळी मशीनची गाडी आली. चालवणारा दक्षिणेकडचा, मोडकं हिंदी बोलणारा. मी जागा दाखवली. त्याने गडग्यापलीकडे वाकून विहीर पाहिली, मग माझ्याकडे पाहिलं. लिंबू, अगरबत्ती, नारळ मांडून म्हणाला, "पूजा का पानी, अम्मा." मी आत गेले तर सगळे हंडे पालथे. असलं नसलं पाणी त्याच्या माणसांच्या चहापाण्यात संपलेलं, नळ यायचा तो संध्याकाळी. माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली. पाण्यासाठी एवढा खटाटोप मांडलाय आणि पूजेला ओंजळभर पाणी नाही, कसली थट्टा करतेस, असं मी देवीलाच मोठ्याने विचारलं.

पलीकडे कुलूप खडखडलं, रहाट कुरकुरला. जाऊ तांब्याची भरलेली कळशी घेऊन आली आणि गडग्यावर ठेवत म्हणाली, "घे. पूजेला पानी नाय म्हनू नये."

तिने मागे विहिरीकडे पाहिलं, मग मशीनकडे. "माझी बाव मरंल, ते कळतंय मला. तरी घे," म्हणाली. चेहऱ्यावर माया वगैरे काही नव्हती, माझ्याइतकाच राग होता. मी कळशी उचलली. त्या विहिरीच्या पाण्याने त्या जागेची पूजा माझ्याने होईना. "गाडी ऊपर लो," मी म्हटलं, "उस पेड़ के पास." हे शब्द कुणी वदवले, मला अजून सांगता येत नाही. त्या माणसाने झटकन लिंबू उचललं. जणू तो तेवढ्यासाठीच थांबला होता.

रतांब्याखाली दुपारपर्यंत नुसती धूळ उडत होती. मी पायरीवर बसून देवीशी भांडत होते, होकार दिलास ना, मग दे आता. भांडून भांडून दमले आणि म्हटलं, लागू दे नाहीतर राहू दे, तुझं तू बघ. घटकाभराने राखाडी चिखल उसळला आणि मागून पाणी आलं. याचा अर्थ मी लावत नाही, फक्त हात जोडते.

आलेलं भांडं आम्ही रिकामं परत देत नाही. गढूळ निवळल्यावर कळशी भरून गडग्यावर ठेवली. जावेने तोंड फिरवून नेली आणि तुळशीत ओतली.

कुलूप तसंच राहिलं, माझा रागही. पण वैशाखात तिच्या विहिरीने तळ गाठला, आणि एका सकाळी गडग्यावर तीच कळशी दिसली, रिकामी. मी धुसफुसतच भरून ठेवली. तेव्हापासून रोज भरते. पाणी लागेल काय, याला देवीने केव्हाच होकार दिला होता. कुणासाठी, ते मी विचारलं नव्हतं.