करमत नाही, म्हणून मैदानावर

नोंदवहीत मी पाच रकाने आखले होते: नाव, वय, झोप, भूक, प्रगती. दीड वर्षानं उघडून पाहिलं, तर मधले रकाने अर्धेमुर्धे भरलेले आणि ‘प्रगती’च्या रकान्यात नुसते किस्से! कोण काय बोललं, कोण कशावरून रुसलं. मुद्दाम जमवावे लागत नाहीत हो. बारा माणसं सकाळी सहाला एका मैदानावर उभी करा, पुरे.

मी खेळाचं मानसशास्त्र शिकले, स्कॉटलंडला. तिथून एकच वेड डोक्यात घेऊन अमरावतीला परतले. उदास माणसाला औषधासोबत खेळायला लावायचं. व्यायाम शिक्षा म्हणून नाही, मजा म्हणून. माझा अजूनही त्यावर तेवढाच विश्वास आहे. फक्त हल्ली ते समजावून सांगताना घसा बसतो.

*

पहिला दिवस. मानसोपचार करणारे डॉ. तायडे माझ्या ओळखीचे. त्यांनी आपले बारा पेशंट मैदानावर पाठवलेले. मी ‘नैराश्य’ या विषयावर वीस मिनिटं बोलले. तयारी करून आले होते! शेवटी विचारलं, “तर इथं नैराश्य कोणाकोणाला आहे?”

एकही हात वर नाही.

नांदगाव खंडेश्वरकडच्या इंदूताई मागून म्हणाल्या, “थे मोठ्या लोकाईले होते, मॅडम. आमाले फक्त करमत नाही.”

“बरं, मग करमत कोणाकोणाला नाही?”

बाराच्या बारा हात वर. आणि माझं सामान घेऊन आलेल्या ऑटोवाल्याचा तेरावा!

*

त्या बारांतल्या शोभाकाकू खऱ्या पेशंट नव्हत्याच. पेशंट त्यांचे यजमान, देविदासकाका. एसटीत कंडक्टर होते. रिटायर झाले आणि पलंगावर आडवे झाले, ते उठेचनात. जेवण दोन घास, बोलणं त्याहून कमी. गोळ्या सुरू होत्या. सोबत ‘सकाळी मैदान’ असंही डॉक्टरांनी चिठ्ठीवर लिहिलेलं.

“मी आधी पाहून घेतो कसं काय अस्ते थे,” काकू म्हणाल्या. “मंग त्याइले आणतो.”

पाहता पाहता चार महिने झाले. काकूंची एक हजेरी चुकली नाही. मी रोज विचारायची, “काका?”

रोज एकच उत्तर. “भिंतीकडे तोंड.”

शेवटी मीच घरी गेले. पलंगाशेजारी बसून मी त्यांना सगळं सांगितलं. हालचाल, झोप, मन, सगळं. काका भिंतीकडेच बघत होते. मला वाटलं, ऐकताहेत. मग म्हणाले, “बेटा, सारी नोकरी उभ्यानं केली. आता पडू दे.”



*

इंदूताई लेकीकडे अमरावतीत राहतात, पण हंगामात गावी रोजानं शेतात निंदणी-खुरपणीला जातात. एकदा वाकायचा व्यायाम आला तर हात कमरेवर ठेवून उभ्या राहिल्या.

“वावरात दिवसभर वाकून राहिली मी. आता इथंबी वाकू? कावून?”

मी समजावलं की कामाचे कष्ट वेगळे, हे वेगळं. कामानं अंग थकतं, पण मन हलकं होईलच असं नाही. जे आपण आपल्या हौसेनं, कोणी सांगितलं नसताना करतो, त्याचा मनाला उपयोग होतो.

“म्हंजे ज्यातून काईच निघत नाही, थे करायचं?”

“हो, तसंच समजा.”

“मंग असं सांग ना बाई! माया नवऱ्याले बोलाव. थो जलमभर थेच करून राहिला!”

*

दर बुधवारी मी अकोल्याला जाते. तिथला माझा दुसरा गट छोटा, ऊन मोठं. एप्रिलपासून सकाळी सातलाच मैदान तापतं आणि माणसं सावलीत सरकत सरकत घरी जातात.

तिथले सलीमभाई टेलर. मुलगी लग्न होऊन दूर गेली तेव्हापासून त्यांचं मन लागत नव्हतं. मी त्यांच्या मोबाइलवर पावलं मोजायचं ॲप टाकून दिलं. पुढच्या बुधवारी बघते तर काय, आकडा मैदानाच्या पन्नास फेऱ्यांएवढा! त्यापुढच्या बुधवारी आणखी जास्त. मी खूश. गटासमोर टाळ्या वाजवायला लावल्या. सलीमभाईंचा चेहरा मात्र होता तसाच पडलेला.

मला शंका आली. दुपारी दुकानात गेले. सलीमभाई शिलाई मशीनवर बसलेले, पायडल चालू, आणि मोबाइल उजव्या पायाच्या मोज्यात!

“सलीमभाई, हे काय?”

ते घाबरले नाहीत. म्हणाले, “मॅडम, पैर तो चलेच ना!”

*

अमरावतीच्या गटातले गवई सर गणिताचे शिक्षक होते. पत्नी गेल्यापासून एकटे. गटात सगळ्यांत शिस्तीचे तेच. एक दिवस बोट वर केलं.

“एक शंका आहे. खेळल्यानं माणसाला बरं वाटतं, की बरं वाटणारीच माणसं खेळायला येतात? दोन्हींत आकडे सारखेच दिसतील.”

नेमक्या याच प्रश्नाशी मी स्कॉटलंडला दोन वर्षं झगडले होते. म्हटलं, “सर, थोडं ते आणि थोडं हे. एकातून दुसरं, दुसऱ्यातून पहिलं.”

सरांनी बोटानं हवेत काहीतरी मांडून पाहिलं. मग म्हणाले, “म्हणजे गणित सुटलेलं नाही. बरं झालं. मग उद्या येतो.”

याच सरांचा दुसरा किस्सा सांगताना मला अजून जड जातं. मी कुठंतरी पाहून हसण्याचा व्यायाम सुरू केला होता. हात वर, हा हा हा! सगळे थांबले तरी सर थांबेनात. आणि मग लक्षात आलं की ते हसत नाहीयेत.

  माझ्याकडे डिग्री होती, रुमाल नव्हता. इंदूताईंनी पदर सावरला, सरांच्या शेजारी जाऊन बसल्या आणि आम्हाला म्हणाल्या, “तुमी घ्या ना बाप्पा आपले हातपाय हालवून. सरचा आज रडायचा पिरेड हाय.”

हसण्याचा व्यायाम मी बंद केला. रडायचा पिरेड कधीमधी असतो.

*

मे महिन्यात गट बारावरून पाचवर आला. कोणाकडे लग्न, कोणाला ऊन, कोणी “आता बरं हाय” म्हणून, तर कोणी “काई फरक नाही” म्हणून. पाचांत काकू होत्याच. ‘काका?’ असं मी विचारणंही सोडलं होतं. उत्तर ऐकायचं बळ उरलं नव्हतं.

एक दिवस अलार्म वाजला आणि मी उठलेच नाही. छताकडे बघत पडून राहिले. आई दारात आली. “लोकाईले उठवाले सातासमुद्रापार शिकून आली, अन् इथं तुलेच उठवाले मी पायजे?”

डॉ. तायडेंना फोन करून म्हटलं, “मला वाटतं हे जमत नाहीये.” ते म्हणाले, “माझ्या गोळ्यांनाही रोज असंच वाटत असेल. जा मैदानावर.”

गेले. अर्धा तास उशिरा. पाचही जण रबरी रिंग फेकत-झेलत खेळत होते, आणि कोणी मला विचारलंही नाही की उशीर का झाला. थोडा रागच आला!

*

आणि हे गेल्या महिन्यातलं.

सकाळी हजेरी घेत होते. “शोभा इंगळे!”

“हजर!” आवाज पुरुषाचा.

मी मान वर केली. गटाच्या मागे देविदासकाका उभे. दाढी वाढलेली, शर्टाची बटणं वरखाली, पायात घरातली स्लीपर.

“तिले ताप हाय,” काका जमिनीकडे बघत म्हणाले. “पहाटेपासून रडून राहिली, हजेरी चुकते म्हणून. डेपोत माणूस आला नाही तर दुसरा बदली जाते, फेरी कॅन्सल नाही करत. मी बदली आलो.”

मी वहीत खूण केली. ती रकान्याबाहेर गेली.

रिंगच्या खेळात काका खांबासारखे उभे. रिंग येई, छातीला लागून खाली पडे. इंदूताईंना किती वेळ सहन होणार! “ओ कंडक्टरसाहेब! डबल बेल मारा अन् हाला तिथून!”

काकांचा उजवा हात आपसूक वर गेला. बसमधली डोक्यावरची घंटीची दोरी चाचपडल्यासारखा. दोरी नव्हती. पण पाय हलले.

दुसऱ्या दिवशी बदली हजर. तिसऱ्या दिवशीही. चौथ्या दिवशी दाढी केलेली. सहाव्या दिवशी त्यांनी एक रिंग झेलली आणि गवई सरांवर ओरडले, “सर, जरा नीट फेका ना!”

मी एकीकडे आनंदात, एकीकडे काळजीत. सहा दिवस ताप म्हणजे साधी गोष्ट नाही. खेळ संपला, काका सरांसोबत चहाला थांबले. मी दोन शहाळी घेऊन तडक काकूंच्या घरी गेले.

दार लोटलेलं होतं. आत कोणीतरी खलबत्त्यात काहीतरी जोरजोरात कुटत होतं. मी कडी वाजवली. कुटणं थांबलं, भांडं पडलं, पावलं धावली. आत गेले तर काकू पलंगावर, गळ्यापर्यंत चादर, डोळे मिटलेले. हाताला तिखट लागलेलं.

“काकू, मी आहे.”

एक डोळा उघडला. मग दुसरा. काकू उठून बसल्या.

“तुमी होय! मले वाटलं थेच आले.”

“काकू, ताप?”

त्यांनी माझ्यामागच्या दाराकडे पाहिलं, चादर पुन्हा गळ्यापर्यंत ओढली आणि म्हणाल्या,

“हळू बोला, मॅडम. आनखीन पंधरा दिवस हाय.”