वरच्या मजल्यावरची नेटवाली

आमच्या वरच्या मजल्यावरच्या पोरीएवढी नेटवेडी पोर अख्ख्या अंबरनाथ पूर्वेत झाली नाही आणि होणारही नाही, हे मी चौथी पास माणूस छातीवर हात ठेवून लिहितो. वय सोळा. उजवा हात माउसला चिकटलेला, म्हणून डाव्या हातानं जेवायची, तेही ताटाकडे न बघता. एकदा चपाती समजून टेबल पुसायचं फडकंच तोंडाशी नेलं होतं. दात घासायचे दुपारी बारानंतर. एका सकाळी नळाला बारवी धरणाचं पाणी आलं, तिच्या घरातलं पिंप भरून वाहिलं आणि जिन्यावरून माझ्या उंबऱ्यापर्यंत उतरलं. मी वर जाऊन म्हटलं, "अगं, पूर आलाय." मान न वळवता ती म्हणाली, "कुठल्या देशात, आजोबा?"

माझ्या घरी फोन नव्हता. घ्यायचाच नव्हता. चाळीस वर्षं कारखान्याच्या भोंग्यावर उठलो-बसलो, आता घरात आणखी एक घंटा कशाला? नातेवाइकांना मी वरच्यांचाच नंबर दिलेला. शेजाऱ्यांचा नंबर द्यायची तेव्हा रीतच होती. पण नेटही त्याच तारेतून यायचं आणि नेट चालू असलं की फोन बंद, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. ते कळलं जावयाच्या कार्डावरून. लेकीचं दुसरं बाळंतपण सासरी होतं. गावात फोन नाही, जावई तालुक्याच्या बूथवरून लावायचा. लिहिलं होतं, "मामा, तीन दिवस लाइन लागत नाही. हिचं बीपी वाढलंय. फोन केला की लगेच निघा."

तसंच निघायला हवं होतं. पण लेकीच्या सासरी बोलावल्याशिवाय पाऊल टाकायचं नाही, हा माझा हट्ट. मी कार्ड पोरीपुढे धरलं. तिनं वाचलं आणि नेटची वायर उपटून माझ्या हातात दिली.

"किती दिवस?" मी विचारलं.

"ते बाळाला विचारा."

पुढचे पाच दिवस ती फोनजवळ बसून. पहिल्याच दिवशी कंटाळून तिनं पंखे पुसले, तेव्हा पोरीला ताप आला असं समजून आईनं तिच्या कपाळाला हात लावून पाहिला. मग माझ्याशी पत्ते. हरली की म्हणायची, "आजोबा, तुम्ही चीटिंग करता." मी म्हणायचो, "चौथीपर्यंत शिकवत नाहीत ते." बाकी कुणाचा फोन आला की खेकसायची, "ठेवा, आमच्याकडे डिलिव्हरी आहे." ते ऐकून तिची उल्हासनगरची मावशी घाबरून रिक्षानं आली आणि चप्पल न काढताच बहिणीचं पोट बघत राहिली.

सहाव्या दिवशी दुपारी पोरगी अनवाणी जिना उतरली. "आजोबा, मुलगी झाली. दोघी ठीक आहेत. तुम्हाला बोलावलंय." मी चष्मा शोधायच्या निमित्तानं भिंतीकडे तोंड केलं. डोळ्यावरच होता. ती माझी पिशवी भरू लागली.

आता वरची पोर बंगळुरात नोकरीला असते, घरच्यांनाही तिकडेच नेलंय. माझ्या खिशात लेकीनं दिलेला मोबाईल आहे, नात स्वतःच त्यावर बोलते. फोन ठेवला की वाटतं, हे कुणाला तरी सांगावं. वर बघतो. वरच्या घराला कुलूप आहे.